डॅशबोर्डवरच्या आकड्याला धनी हवा

मुंबईतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांत गेल्या काही वर्षांत रिपोर्टिंगची तऱ्हाच बदलली. महिन्याचा रिपोर्ट पूर्वी ईमेलला जोडलेल्या एक्सेल फाइलमधून यायचा, आता तो मोबाइलवरच्या लिंकमधून उघडतो. अंधेरी एमआयडीसी, लोअर परळ, बीकेसी, वाशी, ऐरोली, कुठेही जा. मीटिंगच्या खोलीत भिंतीवरच्या टीव्हीवर पॉवर बीआय, टॅब्लो, लुकर स्टुडिओ नाहीतर झोहो ॲनॅलिटिक्सचा डॅशबोर्ड लावलेला दिसतो. विक्री किती झाली, येणी किती थकली, कुठल्या गोदामात किती दिवसांचा माल पडून आहे, सगळं एका पडद्यावर. मी या बदलाच्या बाजूने आहे. पण तो ज्या घाईने होतोय, त्यात दोन गोष्टी सर्रास राहून जातात. डॅशबोर्डवर चढणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याची व्याख्या लिहिलेली असली पाहिजे आणि त्याखाली एका जबाबदार माणसाचं नाव असलं पाहिजे. आणि तो आकडा ज्यांच्या कामाचा हिशेब मांडतो, त्यांनाही तो दिसला पाहिजे. एवढं नसेल तर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या यंत्रांवर, जाऊन कंपनीच्या हाती काही लागत नाही, उलट चुकीचा आकडा जास्त लोकांपर्यंत जास्त लवकर पोचतो.

एक्सेलचे दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. त्या पद्धतीत काय होऊ शकतं याचा सगळ्यांत मोठा धडा इंग्लंडने २०२० साली दिला. कोविडच्या चाचण्यांचे निकाल तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्यात एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये गोळा होत होते. त्या फाइलच्या एका शीटमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागा नसते. ओळी संपल्या आणि पुढचे निकाल गळून गेले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही त्यामुळे लांबला. संगणकाने कसलीही तक्रार केली नव्हती. एवढ्या मोठ्या देशाच्या आरोग्य खात्याचं हे झालं, तर आपल्याकडे फाइली इकडून तिकडे चिकटवत महिन्याचं क्लोजिंग (महिन्याचा हिशेब बंद करणं) करणाऱ्या कंपनीत काय काय गळत असेल याचा विचार करा.

आपल्याकडे तो भार उचलतात एमआयएसची, म्हणजे कंपनीचे अंतर्गत रिपोर्ट बनवणारी, मुलं-मुली. डोंबिवली, बदलापूर, विरारहून येणारी, व्हीलूकअप आणि पिव्होट ही एक्सेलची तंत्रं बोटांवर असलेली ही पोरं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत बसतात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एक फाइल, सेल्सच्या ॲपमधून दुसरी, गोदामातून व्हॉट्सॲपवर आलेला तिसरा तक्ता. हे सगळं जुळवून साहेबांच्या टेबलावर सकाळी रिपोर्ट ठेवायचा. डॅशबोर्डने ही हमाली वाचत असेल तर तो आलाच पाहिजे.

पण जुळवाजुळव करताना ही मुलं आणखी एक काम करत होती, जे कुणाच्याच जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नव्हतं. कुठला आकडा खरा आणि कुठला फुगवलेला हे त्यांना ठाऊक असायचं. ते जवळून पाहायचं असेल तर विक्रीचा आकडा घेऊ.

साबण, बिस्किटं, औषधं, पंखे, काहीही विकणारी कंपनी असो, तिच्या विक्रीचे किमान दोन आकडे असतात. कंपनीने डिस्ट्रिब्यूटरला केलेलं बिलिंग म्हणजे प्रायमरी. डिस्ट्रिब्यूटरकडून दुकानदाराकडे गेलेला माल म्हणजे सेकंडरी. टार्गेट बहुतेक ठिकाणी प्रायमरीवर असतं. त्यामुळे २७-२८ तारीख उजाडली की लोडिंग सुरू होतं. डिस्ट्रिब्यूटरला फोन जातात, स्कीम वाढवून दिली जाते, उधारीचे दिवस वाढतात, आणि त्याच्या गोदामात आधीच पडलेल्या मालावर आणखी माल चढतो. शेवटच्या रात्री बिलं फाडली जातात. भिवंडीच्या गोदामात गाडीच लागलेली नसते. मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाचा पहिला भाग भरून होतो. गाडी नंबर टाकायचा तो दुसरा भाग २ तारखेला भरला जातो, कारण गाडीच तेव्हा मिळते. मग पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत माल परत, रेटमधला फरक, स्कीमचा हिशेब अशा क्रेडिट नोटा निघायला लागतात.

त्या रात्री ऑफिसात एमआयएसची मुलगी आणि सेल्सचे साहेब यांच्यात होणारं बोलणं अनेकांच्या ओळखीचं असेल. त्यातला एलआर म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टरची पावती.

“सर, या अकरा बिलांचा माल अजून गोदामातच आहे. क्लोजिंगला धरायची का?”

“धर, धर. उद्या निघतोय माल.”

“एलआर नाहीये सर एकाचाही.”

“अगं, बिल झालंय ना? मग सेल झाला.”

डॅशबोर्ड बिलाची तारीख वाचतो. त्यामुळे ३१ तारखेच्या रात्री बारा वाजता भिंतीवरचा काटा हिरव्यात जातो. हिशेबाचं शास्त्र मात्र वेगळं सांगतं. ज्या कंपन्यांना इंड एएस, म्हणजे भारतीय लेखा मानकं, लागू आहेत, त्यांच्यासाठी १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ आहे, आणि त्याप्रमाणे मालावरचा ताबा ग्राहकाकडे गेल्यावर महसूल धरायचा असतो. बिल कधी छापलं याला त्यात फारसं महत्त्व नाही. वर्षाअखेरीस ऑडिटर येतो, शेवटच्या काही दिवसांची बिलं बाजूला काढतो, एलआर आणि गेटपास मागतो, आणि ज्यांचा माल गेलेला नाही ती बिलं मागे घ्यायला लावतो. म्हणजे वर्षातून एकदा खरं बाहेर येतं. डॅशबोर्ड मालक रोज सकाळी बघतो. त्यावरून कारखान्यात पुढच्या महिन्याचं उत्पादन ठरतं, कच्चा माल मागवला जातो, बँकेकडून सीसीची (कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा वाढवून घेतली जाते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्याच फुगलेल्या आकड्यावर दहा टक्के चढवून सेल्स ऑफिसरचं नवं टार्गेट बसतं. ते मारायला तो पुन्हा लोडिंग करतो. या चक्रात पिळून निघतो तो वसई-नालासोपारा भागात मोटारसायकलवर फिरणारा तीस वर्षांचा मुलगा आणि पैसे अडकलेला छोटा डिस्ट्रिब्यूटर.

अशी बनवाबनवी एक्सेलच्या काळातही चालायची, असं कुणी म्हणेल. चालायची. पण एक्सेलमध्ये साहेब सेलवर बोट ठेवून विचारू शकत होते की हा आकडा कुठून आला, आणि क्लिक केलं की फॉर्म्युला समोर यायचा. डॅशबोर्डवर पाहणाऱ्याला दिसतो तो एक चौकोन, त्यात ठळक अक्षरांत रक्कम. तिच्यामागचं गणित मॉडेलमध्ये दडलेलं असतं. ते बहुतेकदा बाहेरच्या एजन्सीच्या डेव्हलपरने लिहिलेलं असतं, आणि त्याला परतावा वजा करायचा की नाही हे कुणीतरी फोनवर सांगितलेलं असतं. काही महिन्यांनी त्या फोनची आठवणही कुणाला राहत नाही. पडदा जितका देखणा, तितके प्रश्न कमी विचारले जातात, हे मी अनेक मीटिंगांत पाहिलं आहे. एक्सेलच्या तक्त्यावर शंका घेणारा माणूस टीव्हीवरच्या आलेखापुढे मान डोलावतो.

म्हणून व्याख्या लिहिलेली हवी, आणि ती डॅशबोर्डवरच हवी. “निव्वळ विक्री: गाडी गेटबाहेर पडलेली बिलं, वजा परतावा, वजा स्कीम, जीएसटी सोडून” एवढी एक ओळ त्या चौकोनाखाली बसते. तिच्यापुढे अकाउंट्समधल्या एका माणसाचं नाव. विभागाचं नाव नको; विभागाला कुणी फोन करत नाही.

नाव का हवं, याचं उत्तर या व्यवस्थेच्या आतल्या कामकाजात आहे. डॅशबोर्ड ‘लाइव्ह’ आहे असं विकणारे सांगतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वेळी डेटा ओढला जातो. पॉवर बीआयच्या प्रो योजनेत दिवसाला जास्तीत जास्त आठ वेळा आपोआप रिफ्रेश ठरवता येतो. टॅली किंवा ऑफिसातल्या सर्व्हरवरचा डेटा वर न्यायला गेटवे नावाचं सॉफ्टवेअर लागतं, आणि लहान कंपन्यांत ते अकाउंट्समधल्या एखाद्या साध्या डेस्कटॉपवर बसवलेलं असतं. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी लाइट-पंखे बंद करताना तो डेस्कटॉपही बंद करतं. रिफ्रेश फसतो. सलग चार वेळा फसला की पॉवर बीआय तो रिफ्रेश थांबवूनच टाकतं. सूचनेचा ईमेल जातो डेटासेटच्या नोंदलेल्या मालकाला, म्हणजे ज्याने तो पहिल्यांदा चढवला त्याला. तो मुलगा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो. डॅशबोर्ड मात्र नेहमीसारखाच दिसतो, गेल्या आठवड्याचे आकडे तितक्याच ठळक अक्षरांत दाखवत. नोकरी सोडताना लॅपटॉप, आयकार्ड, सिमकार्ड परत घेण्याची यादी प्रत्येक एचआरकडे असते. त्या यादीत ‘कुठल्या आकड्यांचा मालक’ ही एक ओळ वाढवायला काहीही खर्च नाही. आणि शेवटचा रिफ्रेश केव्हा झाला ती तारीख-वेळ प्रत्येक पानाच्या डोक्यावर ठळक छापायलाही नाही.

कायद्याने हिशेबाच्या बाबतीत हे तत्त्व मान्य केलेलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, कुणी काय केव्हा बदललं ते दिसलं पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. पण टॅलीतून निघालेला डेटा डॅशबोर्डवर पोचेपर्यंत मध्ये जी साफसफाई होते, नावं जुळवली जातात, काही नोंदी वगळल्या जातात, एखादी ‘ॲडजस्टमेंट’ची गूगल शीट जोडली जाते, तिथे हा नियम पोचत नाही. सरकारने तिथेही हात घालावा असं मी म्हणणार नाही. कंपनीने स्वतःच्या घरात ती शिस्त आणावी. मागच्या महिन्याचा आकडा आज वेगळा दिसत असेल तर तो का बदलला आणि कुणी बदलला, हे पानावर लिहिलेलं असावं. याबाबत आपल्याच शहरातलं उदाहरण आहे. १६ जून २०२० ला राज्याने कोविड मृत्यूंच्या नोंदींचा ताळमेळ घातल्यावर आधी आकडेवारीत न आलेले १,३२८ मृत्यू एकदम वाढले. त्यातले ८६२ मुंबईतले होते. त्यावरून टीका झाली, ती व्हायलाच हवी होती. पण जुना आकडा अपुरा होता हे जाहीर झालं, किती फरक पडला ते कळलं. खाजगी कंपनीत असा फरक गुपचूप जुन्या महिन्यांत मिसळून जातो, आणि पुढच्या वर्षी तुलना करायला बसलेल्या माणसाला पायाच सरकलेला कळत नाही.

आता दुसरी गोष्ट, आकडा कुणाला दिसतो ही. क्लाउडवरच्या साधनांचं भाडं माणशी असतं. पॉवर बीआय प्रोचा दर एप्रिल २०२५ मध्ये महिना १० डॉलरवरून १४ डॉलरवर गेला. पन्नास माणसांना द्यायचं म्हटलं की फायनान्सवाले कात्री काढतात, आणि लायसन्स मिळतं ते वरच्या आठ-दहा जणांना. गोदामातला डिस्पॅचचा माणूस, फिल्डवरचा सेल्स ऑफिसर, सर्व्हिस सेंटरची मुलगी यांना आपला आकडा कळतो तो थेट रिव्ह्यू मीटिंगमध्ये, तोही जाब विचारला जात असताना. “वेळेत डिस्पॅच ७१ टक्के, का?” भिवंडीच्या माणसाला उत्तर माहीत असतं. ऑर्डर संध्याकाळी सहानंतर सिस्टिममध्ये पंच होते, घड्याळ तिथूनच चालू होतं, आणि ट्रान्सपोर्टची शेवटची गाडी साडेसहाला निघून गेलेली असते. हे त्याने तीन आठवडे आधी सांगितलं असतं, आकडा त्याच्या मोबाइलवर असता तर. दोष मोजण्याच्या पद्धतीत होता हे तिथेच उघड झालं असतं.

पैसे वाचवायला लोक दोन उपाय करतात, दोन्ही वाईट. एकच लॉगिन पाच जण वापरतात. त्यामुळे ज्याला जेवढा विभाग बघायचा हक्क तेवढाच दिसावा ही सोयच निकामी होते, कारण सिस्टिमच्या दृष्टीने ते पाचही जण एकच. दुसरा उपाय त्याहून घातक: रिपोर्ट ‘पब्लिश टू वेब’ करून लिंक ग्रुपवर टाकायची. त्या लिंकला पासवर्ड नसतो, ती ज्याच्या हाती लागेल त्याला रिपोर्ट उघडतो. ग्राहकांची नावं, दर, थकबाकी असा मजकूर असलेला रिपोर्ट अशा लिंकवर ठेवणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला किल्ली देणं. त्यापेक्षा गोदामाला रोज सकाळी त्याच डॅशबोर्डचं एका पानाचं पीडीएफ पाठवा, किंवा गोदामाच्या टीव्हीवर त्यांचे चार आकडे लावा. पैसे नाहीत ही सबब मला पटत नाही. भिंतीवरचा टीव्ही साहेबांच्या केबिनबाहेर लागतो, भिवंडीत लागत नाही, एवढाच निवडीचा प्रश्न आहे.

हा आग्रह मी निव्वळ सोयीसाठी धरत नाही. फिल्डवरच्या माणसाच्या ॲपमधून त्याचं लोकेशन, दिवसभरातल्या भेटी, दोन दुकानांमधला वेळ, सगळं डॅशबोर्डवर जातं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याचा डेटा त्याच्या संमतीशिवाय वापरायला त्या कायद्यात वाट ठेवलेली आहे. म्हणजे आपल्याबद्दल काय मोजलं जातंय हे त्या मुलाला दाखवायचं की नाही, हे बऱ्याच अंशी मालकाच्या मनावर आहे. माझ्या मते ते दाखवणं हा किमान सभ्यपणा आहे.

जुन्या पिढीतले मालक वेगळाच आक्षेप घेतात: आपला डेटा आपल्या ऑफिसात बरा, परक्याच्या यंत्रावर कशाला? यातला अर्धा भाग मला मान्य नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या ऑफिसांतले संगणक आणि फायली कुठे गेल्या हे मुंबईकराला सांगायला नको. आणि डेटा परदेशात जातो ही भीतीही आता तेवढी खरी नाही. मायक्रोसॉफ्ट २०१५ पासून, ॲमेझॉन २०१६ पासून आणि गूगल २०१७ पासून भारतातल्या डेटा सेंटरमधून क्लाउड सेवा देतात, तिघांचीही केंद्रं मुंबईत आहेत. हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेण्याचा नियमही २०२२ पासून आहेच.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. डेटा नवी मुंबईत असला तरी किल्ली कुणाकडे आहे? जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीच्या सेवा अडवल्या. मुंबईत मुख्य कार्यालय असलेली, गुजरातेत वाडिनारला मोठी रिफायनरी चालवणारी ही भारतीय कंपनी. पैसे भरलेले, लायसन्स चालू, आणि तरीही स्वतःचाच डेटा आणि साधनं आपल्याला वापरता येत नाहीत असं म्हणत तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. महिना संपायच्या आत सेवा पूर्ववत झाली. तेवढ्या मोठ्या कंपनीकडे वकील होते. गोरेगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या दीडशे माणसांच्या कारखान्याचं तसं झालं तर तो काय करेल? निर्बंध त्याच्यावर कुणी घालणार नाही, पण बिलाचा वाद, कार्डाचं फेल झालेलं पेमेंट, एखाद्या ॲडमिनचं हॅक झालेलं खातं, यांनीही दार बंद होतं. म्हणून मूळ डेटा आणि आकड्यांच्या व्याख्या या दोन गोष्टी डॅशबोर्डच्या साधनाबाहेर, आपल्या ताब्यातल्या जागी, साध्या फाइलच्या रूपात नियमित काढून ठेवाव्यात. डॅशबोर्ड पुन्हा बांधता येतो. व्याख्या एकाच्याच डोक्यात किंवा एकाच कंपनीच्या क्लाउडवर असेल तर मात्र काहीच बांधता येत नाही.

हे सगळं करणार कोण, असं विचारलं तर माझं उत्तर एमआयएसची तीच मुलं-मुली असं आहे. डॅशबोर्ड आला की त्यांची डोकी कमी करायची, हा हिशेब अनेक ठिकाणी प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर असतो. तो तोट्याचा आहे. एकाच दुकानाची टॅलीत तीन स्पेलिंगं आहेत, हे त्यांना माहीत असतं. नावावर जुळवू नका, पंधरा अक्षरी जीएसटी नंबरवर जुळवा, हे तीच सांगतात. आणि एकाच जीएसटी नंबरवर पार्टीची दोन दुकानं असू शकतात, तेव्हा तेवढ्यावरही थांबू नका, हेही. एजन्सीच्या डेव्हलपरला यातलं काही ठाऊक नसतं. ज्या मुलीने “एलआर नाहीये सर” म्हटलं, तिच्याच नावावर निव्वळ विक्रीचा आकडा द्या, आणि व्याख्येत न बसणारं बिल मोजायला नकार देण्याचा अधिकारही लेखी द्या. नुसती जबाबदारी दिली आणि अधिकार दिला नाही, तर महिनाअखेरच्या रात्री सेल्सच्या साहेबांपुढे तिचं काही चालणार नाही.

सुरुवात पन्नास आकड्यांनी करू नये. विक्री, येणी, साठा, वेळेत डिस्पॅच आणि परतावा, एवढे पाच पुरेत. त्यांच्या व्याख्या ठरवायला विक्री, अकाउंट्स आणि गोदाम या तिघांनी एकत्र बसलं पाहिजे, आणि भिवंडीच्या माणसाला अंधेरीला यायला सवड नसेल तर अंधेरीने भिवंडीला जावं. महिन्याचा मधला आठवडा धरा. क्लोजिंगच्या दिवसांत या चर्चेला कुणाचंच डोकं मोकळं नसतं.